बुरशी माझी, बेंडूक त्यांचा

बुरशी कोणाची, यावरून आमच्या कॉलेजात एकदा चांगलंच वाजलं होतं. मी वनस्पतिशास्त्राची, सर प्राणिशास्त्राचे. अकोटचं आमचं कॉलेज लहान, दोन्ही विभाग समोरासमोर, मध्ये व्हरांडा आणि व्हरांड्यात पाण्याचा माठ. सर अमरावतीच्या कुठल्याशा परिसंवादाहून परतले ते घरी न जाता थेट माझ्या प्रयोगशाळेत शिरले. हातात झेरॉक्सचे कागद घामानं ओले झालेले, आणि चेहरा असा, की मला वाटलं यांच्या अम्मीला काही झालं.

"बाई, बुरशी तुमच्यात येते ना?"

"येते. निदान पुस्तकात तरी येते."

"मंग तुमची बुरशी माझे बेंडकं खाऊन राहिली ना दुनियाभर! काय करून राहिले तुमी इथं बसून?"

असं बोलले, जशी काही मीच ती डब्यात भरून पाठवली होती. मग स्टुलावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. दूरदूरच्या देशांतले ओढे एकदम मुके झाले होते. पाणी होतं, झाडी होती, कोणी जाळी लावून धरत नव्हतं, तरी बेडूक नाहीसे. कारण एक बुरशी. ती कातडीत शिरते. "अन् बेंडकाचं सारं कातडीतच असते, बाई. तो तोंडानं पानी पेत नाही, कातडीनं पेते. श्वाससुदा थोडा तिथूनच घेते. कातडी बिघडली की बसल्या जागी त्याचं काळीज बंद पडते."

"आपल्याकडं आहे का ती?"

"कोनी पाह्यलंच नाही, तं आहे का नाही कसं सांगनार?" मग उठून, छत्री काखेत मारून म्हणाले, "बुरशी तुमची, बेंडूक माझा. दोघं मिळून पाहू."

ती छत्री बाराही महिने काखेत असायची. वैशाखातसुद्धा. अकोटच्या उन्हात लोक छत्री उघडतात तरी, हे तीही उघडत नसत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "येनाऱ्याची वाट पाहून राहिलो." पाऊस म्हणजे त्यांच्या घरचा पाहुणा. रस्त्यात कोणी भेटलं तर "कसे आहात" नाही, "तुमच्या इकडं पानी आहे का?" हे पहिलं विचारणं. त्यांच्या घरी पिढीजात गाद्या-रजया भरायचं काम. वडील पिंजारी, दिवसभर कापूस पिंजायची धनुकली वाजायची, आणि सरांना कापसाच्या कणानं शिंका. कापसाच्या गावात, पिंजाऱ्याच्या पोटी जन्म घेऊन कापूस सोसत नाही, म्हणजे घ्या आता! लहानपणी शिंकून शिंकून बेजार झाले की अम्मी त्यांना घराबाहेर काढायची आणि ते मागच्या नाल्यावर जाऊन बसायचे. तिथंच बेडकांशी गट्टी जमली. "आमच्या खानदानात सगळे रुईत वाढले, मी एकटाच चिखलात वाढलो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

खिशात एक ओला रुमाल असे. बेडकाला हात लावायच्या आधी हात ओला करायचा, हा नियम. पोरांना सांगायचे, "कोरड्या हातानं धरू नका रे. आपला हात त्याले तव्यावानी लागते." मेलेल्या बेडकाला ते कधी 'मेला' म्हणत नसत, 'वारला' म्हणत. पोट्टे मागं हसायचे. स्टाफरूममध्ये तर त्यांना सरळ बयाड, म्हणजे वेडा, म्हणायचे, तोंडावर.

आणि दिवसही तसे होते. रोज पेपर उघडला की आपल्याच भागातल्या, आत्महत्या केलेल्या कोणा शेतकऱ्याचं नाव. वर्गातला एखादा पोरगा आठवडाभर आला नाही की विचारायचीही भीती वाटायची. कापसाच्या जिनिंगचे भोंगे एक एक करून गप्प होत चाललेले. अशात हा माणूस बेडकांचं बोलतो, म्हणून एक दिवस आमचे एक सहकारी चिडले. "इथं मानसं मरून राहिली, अन् तुमाले बेंडकाची पडली?"

सर बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "दोघंही मरू नये, असं म्हटलं तं चालत नाही का?" एवढंच बोलले. वर तोंड करून कोणाकडं पाहिलंही नाही. मला तो प्रश्न तेव्हा भाबडा वाटला होता. आता वाटत नाही.

अशाच एका कोरड्या सालात त्यांच्या मोहल्ल्याच्या शेजारच्या गल्लीत पोरांनी धोंडी काढली. पाऊस रुसला की आमच्याकडं काढतात. पोरं अंगाला कडुनिंब बांधतात, मुसळाला बेडूक बांधतात, गाणं म्हणत दारोदार फिरतात आणि बाया त्यांच्यावर पाणी ओततात. सर मोपेड आडवी लावून उभे राहिले. "सोडा त्याले." पोरं म्हणाली, "पानी नाही येनार मंग." सर खाली बसले, रस्त्यावर, इस्त्रीच्या पँटीत. नळाखालचा चिखल घेतला आणि बघता बघता असा बेडूक केला, की डोळे, पाय, गळ्याची पिशवी, सारं जसंच्या तसं. "हा घ्या. हा थकतही नाही." पोरांनी अदलाबदल केली. खरा बेडूक रुमालात गुंडाळून सर पसार.

पण पहिल्याच दारात पाणी ओतलं आणि चिखलाचा बेडूक विरघळून गेला! बाया चवताळल्या. त्यात पाऊस पुढंही लवकर आला नाही, मग काय, गल्लीभर सरांच्या नावानं शिमगा. "त्या मास्तरनं पानी पळवलं." भाजीवालीनं त्यांना वांगी द्यायची बंद केली. तिच्या घरची धोंडी होती. सर महिनाभर अम्मीची बोलणी खात डाळीवर राहिले आणि तरी खूश. सुटलेला बेडूक त्यांनी कुठं नेऊन सोडला, हे मात्र तेव्हा कोणी विचारलं नाही.

तो त्यांनी मेळघाटच्या जंगलात, सेमाडोहला नेला होता.

सेमाडोहच्या अलीकडं, परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसा पूल आहे. पुलाखाली ओढा. सर त्याला नाव घेऊन कधी बोलत नसत, 'आपली जागा' म्हणत. सुटी मिळाली की अंजनगावमार्गे परतवाडा आणि तिथून धारणी गाडी. पुलावर उतरायचे, खाली जायचे, दगडावर बसायचे. मी पहिल्यांदा विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर गेले तेव्हा मला हा माणूस ओळखूच येईना. कॉलेजात अंग चोरून चालणारा, तिथं धोतर सोडून लुंगीवर आलेल्या घरमालकासारखा ऐसपैस. "बसा बाई. आता बोलू नका." ढगाळ दुपार होती. आधी मला नुसतं पाणी ऐकू आलं. मग पाण्याच्या आतून एक बारीक टिकटिक, मग दुसरी, मग सगळ्या दगडांना वाचा फुटली. दगडाच्याच रंगाचे, बोटाच्या पेराएवढे बेडूक, दाखवल्याशिवाय दिसत नव्हते. सरांनी डोळे मिटले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी पुन्हा कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिला नाही.

सर आता नाहीत. त्यांचा आवाज आठवायचा म्हटला तर आधी ती टिकटिक आठवते आणि मग तिच्यामागून त्यांचं "बाई". काय करणार!

तर बेडूक सेमाडोहला नेण्याची गोष्ट. तेव्हा प्रात्यक्षिकाला बेडूक फाडावे लागत. एक माणूस बार्शीटाकळीकडच्या तळ्यांतून, कुठून कुठून, पोत्यात भरून आणायचा. आमच्या मागच्या हौदात ते राहायचे. सरांना ते फाडणं सोसायचं नाही. प्राचार्यांशी वाद घालून, रंगीत खडूंनी फळाभर बेडकाचं पोट काढून, त्यांनी ती संख्या कमी कमी केली. उरलेल्यांचं काय करायचं? ते ओल्या पोत्यात घालून सर एसटीनं सेमाडोहला न्यायचे आणि आपल्या जागेत सोडायचे. जिवंत सोडायचं तर आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात चांगल्या ठिकाणी सोडावं, एवढा साधा हिशेब.

एकदा कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय हाय?"

"मेहमान."

"मेहमानाचं तिकीट?"

तेवढ्यात पोतं डराव डराव करायला लागलं. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं किंचाळून पाय वर घेतले, एक मेहमान सुटला तो थेट ड्रायव्हरच्या आरशावर. गाडी थांबली. अर्धी एसटी बेडूक शोधतेय आणि सर ओरडतायत, "हात ओले करा! आधी हात ओले करा!" कंडक्टर नंतर त्यांचा दोस्त झाला. दर खेपेला विचारायचा, "आज मेहमान किती?" आम्ही ही गोष्ट पोट धरून सांगायचो. सर स्वतःच नक्कल करून दाखवायचे.

आता ती सांगताना हसू येत नाही.

झालं असं, की त्या झेरॉक्सच्या कागदांनंतर आम्ही बुरशीवर बोलत बसायचो. एके दिवशी मी सहज आमच्या पानमळ्याचं सांगितलं. माझं माहेर अंजनगावकडचं, माळ्याचं घर, खायच्या पानांचा मळा. तिथं कोणालाही चपला घालून पाऊल टाकू देत नाहीत. बाबा धुऱ्यावरच, म्हणजे बांधावर, थांबवायचे, जावई असला तरी. चपला काढा, पाय धुवा, मग आत. लोकांना वाटतं देवाचं म्हणून. देवाचं तर आहेच, पण पानवेलीला 'मर' लागते ना, बुरशीची, एका मळ्यातून दुसऱ्यात ती पायानं येते. दुसऱ्याच्या मळ्यातून आलेला वेल बाबा दारात उभा करायचे नाहीत. मी म्हटलं, "बाबा म्हनतात, मर चालत येत नाही, तिले कोनीतरी आनते. अन् आननारा बहुतेक आपलाच असते."

ऐकता ऐकता सरांनी बशी बाजूला सारली. चहा तसाच राहिला.

"बाई, मी किती मळ्यातले वेल नेऊन लावले तिथं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हौदातले बेडूक. कुठल्या कुठल्या तळ्यांचे, एका पोत्यात.

त्या दिवसापासून पोत्याची वारी बंद. त्याऐवजी बादली आणि ब्लीचिंग पावडर. पुढच्या सहलीत पुलावर उतरल्याबरोबर त्यांनी सगळ्या पोरांना रांगेत उभं करून बूट धुवायला लावले. वरून पाऊस पडतोय आणि खाली पोरं बूट धुतायत! सेमाडोहचा कोरकू वनरक्षक, आमचा गार्डभाऊ, पाहत राहिला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, सरको कुछ हुआ क्या?" मी म्हटलं, "नवस आहे." त्याला पटलं. तोही पुढं पाय धुऊन खाली जायला लागला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याच गार्डभाऊचा निरोप आला. सर, बेडूक मरून पडलेत, या.

मी बरोबर नव्हते. सर एकटे गेले, खाली न उतरता पुलावरून जितकं वाकता येईल तितकं वाकून पाहिलं आणि गार्डभाऊकडून मेलेले बेडूक वर मागवून घेतले. कॉलेजात आले तेव्हा त्यांच्या हातात बाटली होती. बाटलीत ते दगडाच्या रंगाचे जीव, पांढरट पडलेले. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत या बुरशीची तपासणी व्हायची, असं त्यांना कळलं होतं. एसटीडी बूथमधून फोन लावला. मी बाहेर उभी. काचेतून मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण खांदे उतरलेले दिसले.

"फॉर्मलिनमधे ठेवले म्हून सांगतलं," बाहेर येऊन म्हणाले. "तं ते म्हनतात, मंग नाही. आमची तपासनी फॉर्मलिनवर होत नाही. स्पिरिटमधे पाह्यजे होते."

आयुष्यभर हातानं तेच केलेलं. जे मरेल ते फॉर्मलिनमध्ये. प्राणिशास्त्रवाल्याला झोपेतून उठवून मेलेला जीव दिला तरी तो फॉर्मलिनचीच बाटली शोधेल. मी तर म्हणते त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तोही तेच करता. पण त्यांनी ते स्वतःला माफ केलं नाही.

मग माझ्याकडं आले. "बुरशी तुमची आहे ना बाई. पाहा."

मी पाहिलं. कातडीचे पातळ काप केले, रंग दिला, डोळे दुखेपर्यंत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. कागदांतल्या चित्रांशी ताडून पाहिलं. बुरशी होती. पण ओल्यात पडलेल्या मढ्याला बुरशी लागणारच. मेल्याच्या आधीची की मेल्यानंतरची, ती की दुसरीच कोणती, हे ठरवायला मी ती आधी कधी पाहिलेली तर हवी! सर माझ्या मागं उभे. ओला रुमाल हातात पिळत.

"नाही सांगता येत, सर."

"नाही म्हना ना बाई. एकदा नाही म्हना."

"नाही म्हटलं तं तुमी उद्या जासान तिथं."

"हाव. जाईन."

"अन् असली तं? अजून जे उरले असतील त्यांचं काय?"

त्यांनी रुमाल पुन्हा पिळला. मला इतकं वाईट वाटलं, की सूक्ष्मदर्शकावरून मान वर काढवेना. एक शब्द. 'नाही' एवढा एक शब्द बोलले असते तर त्या माणसाला त्याचं घर परत मिळालं असतं. कोणी मला आज विचारलं तरी मी तो बोलणार नाही. पण तो बोलता यायला हवा होता, असं मात्र अजून वाटतं.

सर पुन्हा ओढ्यात उतरले नाहीत. कोणी मनाई केली नव्हती. "बाई, माझे हात, माझे बूट, माझी छत्री, त्या हौदानं सारं नासवलं. मी कितीही धुतलं तरी मले भरोसा नाही." मी समजावलं, की ब्लीचिंगनं भागतं. ते मान हलवायचे आणि जायचे नाहीत. पावसाळा आला की कासावीस व्हायचे. वर्ग सुरू असताना खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. मेळघाटच्या बाजूला ढग दिसले की खडू हातातच राहायचा. पोरं समजूतदार झाली होती, गप्प बसायची. व्हरांड्यातून मला समोरच्या खिडकीत ते दिसायचे आणि माझाही खडू थांबायचा.

मला सर आवडत होते. आता लिहायला हरकत नाही. माझं घर होतं, संसार होता, नवरा भला माणूस, त्यालाही सर आवडत. आवडणं म्हणजे काय ते मी तेव्हा तपासलं नाही आणि आता तपासायचं वय नाही. पण ज्या दिवशी ते खिडकीत उभे नसत, त्या दिवशी मला समोरची इमारत रिकामी वाटे.

ते निवृत्त झाले त्या पावसाळ्यात एका सकाळी घरी आले. दारातूनच म्हणाले, "बाई, तुमी जाऊन पाहासान का? मी वर थांबतो."

गेलो. अंजनगाव, परतवाडा, धारणी गाडी. वाटेत सगळा वेळ ते खिडकीबाहेरचे ढग पाहत राहिले. पुलावर उतरलो. मी चपला काढल्या, त्यांनी आणलेल्या पाण्यानं पाय धुतले, हात धुतले. ते कठड्याला धरून उभे राहिले आणि मी साडी खोचून खाली उतरले. पाणी गार होतं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मी दगडावरून दगडावर गेले, वाकले, काही नाही. वर पाहायची हिंमत होईना. मग जरा पुढं, झाडाची मुळी पाण्यात आली होती तिथं, टिक. मी आहे तशी थांबले. पुन्हा टिक. आणि पायाजवळचा एक दगड उडी मारून दुसऱ्या दगडावर बसला.

"सर! आहेत!"

"खरं सांगून राहिले ना बाई?"

"मी कधी खोटं सांगतलं तुमाले? आहेत! लहान लहानही आहेत, शेपटी झडून राहिलेले!"

 मी वर पाहिलं तर सर कठड्यावर डोकं टेकून उभे. रडत होते, लपवत नव्हते. माझ्याही डोळ्यांना धार लागली. मी हात हलवून म्हटलं, "या ना खाली. या आता. किती वर्षं झाली! ब्लीचिंग आहे ना सोबत?"

त्यांनी तोंड पुसलं. "नसते तं आलो असतो, बाई."

"म्हंजे?"

"काही उरलं नसतं तं कोनाले काय होनार होतं माझ्यानं? येऊन बसलो असतो दिवसभर. आहेत म्हून तं नाही येत."

 मी पाण्यातच उभी राहिले.

"तुमी थांबा थोडा वेळ तिथंच," ते वरून म्हणाले. "हलू नका. तुमी हलले का ते चूप होतात."

मी हलले नाही. हळूहळू टिकटिक वाढत गेली, एका काठावरून दुसऱ्या काठावर. वर सरांनी डोळे मिटले होते. परतवाड्याची गाडी आली, पुलावर थांबली, कंडक्टरनं दार उघडून विचारलं, यायचं का म्हणून. सरांनी डोळे न उघडता हातानंच जाऊ द्या म्हटलं. गाडी गेली. पुढची केव्हा आहे, हे आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.